आभाराची मिस्सा 28 फेब्रुवारीलाच हवी: ठाण्यातील आमच्या पॅरिश कौन्सिलला खुले पत्र

ठाणे, 18 फेब्रुवारी 2013

प्रति,
आमच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) प्रमुख धर्मगुरू, पॅरिश कौन्सिलचे सर्व सभासद
आणि ठाण्यातील माझे मराठी कॅथलिक बंधुभगिनी

आदरणीय फादर आणि प्रिय बंधुभगिनींनो,

जय ख्रिस्त.

काल, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतर, कौन्सिलची सभा झाली. पोप बेनेडिक्ट सोळावे 28 फेब्रुवारीला पद सोडत आहेत. त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी मराठीतून आभाराची मिस्सा ठेवावी, अशी विनंती आम्ही काही जणांनी केली होती. ती नामंजूर झाली. नवे पोप निवडून आले की त्यांच्या स्वागताची मिस्सा होणारच आहे, त्यातच आधीच्यांचे आभार मानून घेऊ, असे ठरल्याचे आम्हाला सांगण्यात आले. उपवासकाळात क्रूसाची वाट आहे, रिट्रीट आहे, कन्फेशन आहेत, गुरुवारी माणसे जमत नाहीत, हीही कारणे पुढे आली.

हा निर्णय मला मान्य नाही. सभेत मी सभासद नसल्यामुळे बोलू शकले नाही, म्हणून लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण ठाण्यातल्या इतर धर्मग्रामांतल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळले की बऱ्याच ठिकाणी हाच सूर आहे: बातमी ऐकली, आश्चर्य वाटले, चर्चा झाली आणि आता सगळ्यांचे लक्ष नवे पोप कोण याकडे लागले आहे. ज्यांनी आठ वर्षे आपले नेतृत्व केले ते अजून दहा दिवस पदावर आहेत, हेसुद्धा आपण विसरून गेलो आहोत.

आधी माझा या विषयाशी काय संबंध, ते सांगते.

मी निवृत्त शिक्षिका आहे. माहेर वसईचे, लग्नानंतर ठाण्यात आले. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा माझी शाळा चालू होती, मुले लहान होती आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यांना उचलणे, धुणे, भरवणे, रात्री कूस बदलून देणे हे सगळे मी स्वतः करायचे. दुसऱ्या कोणाच्या हाती ते सोपवणे म्हणजे कर्तव्यातून पळ काढणे, असे माझ्या मनाने घेतले होते. शेजारणी मदतीला यायच्या, मी नको म्हणायचे. नणंदा न्यायला तयार होत्या, मी पाठवत नव्हते. पाठ कामातून गेली होती, वर्गात मुलांवर आवाज चढत होता, आणि वाईट म्हणजे ज्या म्हातारीसाठी हे चालले होते तिच्यावरही मी चिडू लागले होते.

त्या काळात आमच्या ओळखीच्या एका सिस्टरांनी मला एक पुस्तिका आणून दिली. पोप बेनेडिक्ट यांनी 25 डिसेंबर 2005 रोजी जगभरच्या श्रद्धावंतांना लिहिलेले पहिले पत्र, देउस कारितास एस्त. त्याची सुरुवात योहानाच्या पहिल्या पत्रातल्या वचनाने होते: देव प्रीती आहे. पहिला भाग मला जड गेला. दुसऱ्या भागात मात्र ते आजाऱ्यांची, गरिबांची सेवा करणाऱ्यांशी बोलतात. सेवा करणाऱ्याला कामाचे चांगले ज्ञान हवे, पण तेवढ्याने भागत नाही, त्याचे अंतःकरणही घडलेले हवे, असे ते म्हणतात. सेवा ही कोणाला आपल्या धर्मात ओढण्याचे साधन करू नये, असेही स्पष्ट बजावतात. आणि मग पस्तिसावा परिच्छेद येतो. त्याचा आशय असा: आपण प्रभूच्या हातातली साधने आहोत. जग देव चालवतो, आपण नाही. आपल्याला जेवढे करता येईल तेवढे, आणि तो शक्ती देईल तोपर्यंत, आपण नम्रपणे करायचे, बाकीचे त्याच्यावर सोपवायचे.

सासूबाईंच्या उशाशी बसून मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी नणंदेला फोन केला. दिवसा एक बाई ठेवली, सुट्ट्यांत सासूबाई आळीपाळीने मुलींकडे राहू लागल्या. त्यांना तो बदल आवडला, हे सांगायलाच हवे. लेकींच्या घरी नातवंडांत त्यांचा चेहरा खुलला. आणि मी पुन्हा त्यांच्याशी सुनेसारखी बोलू लागले. रोममध्ये बसलेल्या, मला कधीही न भेटलेल्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूने माझ्या घरातला ताण हलका केला. आपल्या धर्मग्रामात असा अनुभव असलेली मी एकटीच असेन, असे मला वाटत नाही.

म्हणून 11 फेब्रुवारीच्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी पाहिली, तेव्हा मला पहिला आठवला तो हा परिच्छेद. त्या दिवशी कार्डिनल, म्हणजे पोपचे ज्येष्ठ सल्लागार, जमले होते ते वेगळ्याच कामासाठी. 1480 साली इटलीतल्या ओत्रांतो गावात श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या सुमारे आठशे जणांना आणि आणखी दोन धर्मभगिनींना संत म्हणून जाहीर करण्याचा निर्णय व्हायचा होता. ते काम संपल्यावर पोपमहोदयांनी लॅटिनमध्ये एक छोटे निवेदन वाचले. देवापुढे आपली विवेकबुद्धी वारंवार तपासून पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे, की वाढत्या वयामुळे हे सेवाकार्य नीट पार पाडण्याची शक्ती माझ्यात उरलेली नाही, असे त्यांनी सांगितले. आपल्या उणिवांबद्दल क्षमाही मागितली. जे त्यांनी 2005 साली आम्हा सगळ्यांना लिहिले, तेच 2013 साली स्वतःला लागू केले. शक्ती असेपर्यंत, पुढचे प्रभूवर. लिहिलेले आणि केलेले यांत अंतर न ठेवणारा माणूस म्हणून मी त्यांची ऋणी आहे.

आता 28 तारखेचाच आग्रह का, हे सांगते. फादर, आपल्याला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, पण कौन्सिलच्या चर्चेत ते आले नाही असे दिसते. प्रत्येक मिस्सेत, प्रत्येक वेदीवर, पोप आणि आपले महागुरुस्वामी (आर्चबिशप) यांची नावे घेऊन आपण प्रार्थना करतो. एप्रिल 2005 पासून ‘परमगुरुस्वामी बेनेडिक्ट’ हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत की कानाला त्यांची सवय झाली आहे. 28 फेब्रुवारीला रोममध्ये रात्रीचे आठ वाजले की गादी रिकामी होईल. तेव्हा ठाण्यात साडेबारा वाजलेले असतील. एक मार्चच्या सकाळच्या पहिल्या मिस्सेपासून ते नाव प्रार्थनेतून गळेल, आणि नवे पोप निवडले की त्यांचे नाव येईल. म्हणजे बेनेडिक्ट पोप असताना, वेदीवर त्यांचे नाव घेऊन, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करण्याची आपली शेवटची संधी ही गुरुवारची संध्याकाळ आहे. ठाण्यात सात वाजता मिस्सा सुरू झाली तर रोममध्ये दुपारचे अडीच झालेले असतील आणि ते व्हॅटिकनमध्येच असतील. नव्या पोपच्या स्वागतात हे बसवता येत नाही. स्वागताच्या दिवशी हार नव्या माणसाच्या गळ्यात पडतो, आणि तो पडायलाच हवा. आधीच्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जाईल, हे आपल्यालाही माहीत आहे.

आता तक्रारी. त्या कोणा एकावर नाहीत, आपल्या सगळ्यांच्या वागण्यावर आहेत.

पहिली तक्रार ‘पळून गेले’ या शब्दांची. आमच्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या प्रार्थनासभेत हे शब्द उच्चारले गेले, चर्चच्या आवारातही ऐकले. पोप जॉन पॉल दुसरे थरथरत्या हातांनी शेवटपर्यंत क्रूस वाहत राहिले आणि यांनी मात्र तो खाली ठेवला, अशी तुलना चालली आहे. जॉन पॉल यांच्याविषयी मला अपार आदर आहे. 1986 साली ते मुंबईत आले होते, ते दिवस आपल्यातले पुष्कळ जण अजून सांगतात. पण त्यांचे आजारपण जवळून पाहिले कोणी? बेनेडिक्ट यांनीच, तेव्हा ते कार्डिनल रात्झिंगर होते. 8 एप्रिल 2005 रोजी त्यांच्या अंत्यविधीचे प्रवचन केले कोणी? यांनीच. 1 मे 2011 रोजी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले तेही यांनीच. आपल्या आधीच्या पोपची साक्ष काय होती हे न कळता त्यांनी वेगळा निर्णय घेतला, असे कोणी समजू नये. एकाने दुखणे सोसत राहून साक्ष दिली, दुसऱ्याने आपली मर्यादा मान्य करून. चर्चला दोन्हींची गरज होती.

शिवाय हा कायद्यातून काढलेला पळवाटेचा मार्ग नाही. चर्चच्या कायद्याचे 332 वे कलम पोपच्या राजीनाम्याची तरतूद करते. तो स्वेच्छेने दिलेला आणि रीतसर व्यक्त केलेला असला पाहिजे, कोणी तो स्वीकारण्याची गरज नाही, एवढीच अट. बिशपांनी पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करावा, ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलांनी पोपच्या निवडणुकीत मत देऊ नये, हे नियम आपण कधीचे मान्य केले आहेत. आपल्या धर्मग्रामातले फादरही वय झाले की दुसऱ्यांच्या हाती काम देऊन जातात आणि त्यांना आपण पळपुटे म्हणत नाही. पोप बेनेडिक्ट यांचा जन्म 16 एप्रिल 1927 चा, म्हणजे दोन महिन्यांनी शहाऐंशी पूर्ण. 2011 च्या ऑक्टोबरपासून सेंट पीटर्समध्ये वेदीपर्यंत जायला त्यांना चाकांचा मंच लागत होता. 2010 साली छापलेल्या एका मुलाखतीत त्यांनी स्पष्ट म्हटले होते, की पोपला शरीराने, मनाने काम पेलेनासे झाले आहे हे स्वच्छ कळले, तर पद सोडण्याचा त्याला हक्क आहे आणि प्रसंगी ते त्याचे कर्तव्यही ठरते. आपण ते वाचले नाही, एवढेच.

पद सोडणारे पोप इतिहासात मोजकेच. 1415 साली बाराव्या ग्रेगरींनी चर्चमधली फूट मिटावी म्हणून राजीनामा दिला. त्याआधी 1294 साली पाचवे सेलेस्टाइन, जे मूळचे एकांतवासी होते, काही महिन्यांतच पदावरून उतरले. 2009 च्या भूकंपानंतर बेनेडिक्ट लाक्विला शहरात गेले तेव्हा त्यांनी आपले पॅलियम, म्हणजे खांद्यावरचा तो लोकरीचा पट्टा, या सेलेस्टाइन यांच्या कबरीवर ठेवला होता. तेव्हा फारसे कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. आज ते आठवले की मला वाटते, हा माणूस घाईत काही करणारा नाही.

दुसरी तक्रार मोबाइलवरून फिरणाऱ्या गोष्टींची. 11 तारखेच्या संध्याकाळी सेंट पीटर्सच्या घुमटावर वीज पडली, त्याचा फोटो ‘देवाचा कोप’ म्हणून माझ्याकडे किती जणांनी पाठवला. उंच घुमटावर पावसाळी संध्याकाळी वीज पडते. त्यात देवाचा राग वाचणे हे आपल्या श्रद्धेचे शिक्षण नाही. दुसरे ते संत मालाकीचे भविष्य: पुढचा पोप शेवटचा, मग जगाचा अंत. ही यादी बाराव्या शतकातल्या आयरिश बिशपच्या नावावर खपवली जाते, पण ती पहिल्यांदा छापली गेली 1595 साली, आणि अभ्यासक ती बनावट मानतात. आमच्या इमारतीतल्या एका मुलीने रडवेली होऊन मला विचारले, की खरेच सगळे संपणार का. ज्यांनी तिला तो मेसेज पाठवला ते चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. अशा वेळी फादरांनी प्रवचनात दोन मिनिटे देऊन हे थांबवायला हवे होते. अजून वेळ गेलेली नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार. पोप बेनेडिक्ट यांचे आभार मानायचे म्हटले की काही जण हा विषय काढतात, आणि लगेच बाकीचे त्यांना गप्प करतात. मला दोन्ही पटत नाही. विषय काढणारे योग्यच करतात. 2008 साली वॉशिंग्टनमध्ये अत्याचार सोसलेल्यांना ते भेटले, तसे भेटणारे ते पहिले पोप. 2006 साली मासियेल या, अत्याचाराचे आरोप असलेल्या आणि लिजन ऑफ क्राइस्ट हा धर्मसंघ स्थापन करणाऱ्या बड्या धर्मगुरूला त्यांनी सार्वजनिक सेवेतून दूर करून प्रार्थना आणि प्रायश्चित्ताच्या जीवनात धाडले. मार्च 2010 मध्ये आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून तिथल्या बिशपांच्या चुका त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केल्या. हे त्यांचे काम आहे आणि त्याबद्दल मी आभारी आहे. पण अनेक पीडितांचे म्हणणे आहे की हे उशिरा झाले आणि पुरेसे झाले नाही. त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि मी शाळेत आयुष्य घालवलेली बाई म्हणून त्यांच्या बाजूने उभी आहे. कृतज्ञता म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आभाराच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये एक प्रार्थना या पीडितांसाठी असली पाहिजे. पोपमहोदयांना ती नक्कीच खटकणार नाही. 2005 च्या गुड फ्रायडेला, निवडून येण्याआधी थोडेच दिवस, क्रूसाच्या वाटेच्या चिंतनात चर्चमध्ये, धर्मगुरूंमध्येसुद्धा, किती घाण साचली आहे असे स्वतः लिहिणारे तेच होते.

आणि आपल्या धर्मग्रामात मुलांच्या सुरक्षेबद्दल कोणी प्रश्न विचारला तर ‘आपल्याकडे असले काही नाही’ हे उत्तर यापुढे मिळू नये.

चौथी तक्रार श्रद्धावर्षाची. पोप बेनेडिक्ट यांनी 11 ऑक्टोबर 2012 पासून श्रद्धावर्ष जाहीर केले. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उद्घाटनाला त्या दिवशी पन्नास वर्षे झाली. त्या परिषदेत ते तरुण ईशज्ञानाचे प्राध्यापक म्हणून सल्लागार होते. गेल्या गुरुवारी, 14 तारखेला, रोमच्या धर्मगुरूंपुढे त्यांनी त्या परिषदेविषयी कागद न वापरता दीर्घ भाषण केले. आपल्याकडे श्रद्धावर्षाचा बॅनर लागला. इंग्रजीतून दोन व्याख्याने झाली. मराठीतून काहीच नाही. येशूच्या जीवनावर त्यांनी तीन खंड लिहिले, श्रद्धावंतांना तीन पत्रे लिहिली, त्यांतले काय आपल्या मराठी भाविकांपर्यंत पोचवले आपण? आमच्या गटातल्या ज्या बायका रोज जपमाळ म्हणतात, ज्यांनी घरात आजारी माणसे सांभाळली, त्यांना 2007 च्या स्पे साल्वी पत्रातली बखिता कळायला हवी. सुदानमधून गुलाम म्हणून विकली गेलेली मुलगी, अनेक मालकांचे फटके खाल्लेली. शेवटी तिला कळते की सगळ्या मालकांच्या वर एक आहे जो आपल्याला ओळखतो आणि आपली वाट पाहतो, आणि मग ती आशेची माणूस होते. मी ही गोष्ट आमच्या गटात सांगितली तेव्हा एक वयस्कर बाई म्हणाल्या, हे पोपने लिहिले आहे? मला वाटले ते फक्त कायदे लिहितात. ही गैरसमजूत त्या बाईंची चूक नाही.

पाचवी तक्रार म्हाताऱ्यांची, आणि ही मला सगळ्यात जवळची. पोपमहोदयांनी राजीनामा जाहीर केला तो दिवस लूर्द्सच्या माउलीचा सण आणि जागतिक आजारी दिन होता. त्या दिवशी आपल्याकडे आजाऱ्यांची मिस्सा झाली, तेल लावण्याचा संस्कार झाला, चहा-नाश्ता झाला. छान झाले. पण जे येऊ शकले तेच आले. ठाण्याच्या जुन्या इमारतींच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना अडकलेली आपली माणसे आली नाहीत. त्यांच्याकडे महिनोन्महिने कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, पोचत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरांकडे जाणारे स्वयंसेवक मराठी घरांत जायला कचरतात, कारण प्रार्थना येत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात पोप बेनेडिक्ट रोममधल्या एका वृद्धाश्रमात गेले होते. मी रोमचा बिशप म्हणून आलो आहे, पण आपल्या वयाच्या माणसांना भेटायला आलेला म्हातारा म्हणूनही आलो आहे, असे त्यांनी तिथल्या लोकांना सांगितले. अंगातली शक्ती कमी झाली, दुसऱ्यांची मदत घ्यावी लागली, तरी त्यात मोठी कृपा असते, असे त्यांचे म्हणणे होते. हे बोलल्यावर तीन महिन्यांत त्यांनी स्वतःची शक्ती कमी झाल्याचे जगासमोर मान्य केले. आपण त्यांचे आभार मानणार असू तर त्यांच्या वयाच्या आपल्या माणसांकडे पाहिल्याशिवाय ते आभार खरे होणार नाहीत.

शेवटी एक तक्रार पदांची. आपल्या धर्मग्रामात काही मंडळांचे अध्यक्ष आणि खजिनदार इतकी वर्षे तेच आहेत की तरुणांनी विचारणेच सोडून दिले आहे. त्यांनी काम केले आहे, मी नाकारत नाही. सण त्यांनीच उभे केले, निधी त्यांनीच जमवले. पण सासूने किल्ल्यांचा जुडगा स्वतःहून सुनेच्या हाती द्यावा, तशी वेळ येते. ज्याला ते पद सोडायला कोणीही सांगू शकत नव्हते, त्याने ते स्वतः सोडले. गेल्या राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्यांच्या शेवटच्या सार्वजनिक मिस्सेत, चर्चचा चेहरा फुटींमुळे आणि एकमेकांतल्या चढाओढीमुळे विद्रूप होतो असे ते म्हणाले. मिस्सेनंतर टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी आभार मानून प्रार्थनेकडे परत वळायला सांगितले. आपल्या वार्षिक सभा आठवल्या की हे शब्द मला आपल्यासाठीच वाटतात.

कोणी म्हणेल, रोमच्या पोपचा ठाण्याशी एवढा काय संबंध. 1321 साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू हुतात्मे झाले, त्यांत तोलेंतिनोचे थॉमस होते. आपला संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. आणि अलीकडचे सांगायचे तर 2008 च्या ऑगस्टमध्ये ओडिशातल्या कंधमाळमध्ये आपल्या माणसांची घरे जळत होती, तेव्हा बेनेडिक्ट यांनी बुधवारच्या सार्वजनिक भेटीत त्या हिंसेचा निषेध केला. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला केरळच्या अल्फोन्सा यांना त्यांनी संत घोषित केले, त्या पहिल्या भारतीय महिला संत. आपले महागुरुस्वामी ऑस्वल्ड ग्रेशस यांना 2007 साली कार्डिनल त्यांनीच केले, आणि पुढच्या महिन्यात नव्या पोपची निवड करायला तेही रोममध्ये असतील. संबंध नाही असे कसे म्हणता येईल?

म्हणून माझ्या आणि माझ्यासोबत सही करणाऱ्यांच्या मागण्या अशा.

गुरुवार 28 फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता मराठीतून आभाराची मिस्सा व्हावी. वेगळा मंडप, जेवण, भाषणे काही नको. नेहमीची मिस्सा त्या हेतूने अर्पण केली तरी चालेल, फक्त ती मराठीत असावी आणि आधी जाहीर व्हावी.

येत्या रविवारी सगळ्या भाषांच्या मिस्सांत फादरांनी राजीनाम्याविषयी थोडे समजावून सांगावे: तो का देता येतो, गादी रिकामी असताना काय होते, निवडणूक कशी होते. आणि त्या भविष्याच्या मेसेजबद्दल स्पष्ट बोलावे.

श्रद्धावर्ष 24 नोव्हेंबरपर्यंत आहे. तोवर महिन्यातून एकदा मराठीतून अभ्यासवर्ग व्हावा. देउस कारितास एस्त या पत्राचा दुसरा भाग घेऊन सुरुवात करावी. वाचून समजावण्याचे काम मी करीन, चूक होऊ नये म्हणून सेमिनरीतल्या एखाद्या धर्मगुरूंनी सोबत असावे.

घराबाहेर पडू न शकणाऱ्या मराठी भाविकांची यादी करून त्यांच्याकडे ठरलेल्या शुक्रवारी कम्युनियन पोचेल अशी व्यवस्था व्हावी. मराठी प्रार्थना येणारे स्वयंसेवक आम्ही देऊ.

मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी करून चर्चच्या फलकावर लावावेत, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचा हुद्दा त्यावर असावा.

मंडळांच्या पदांना मुदत असावी, ही मागणी मात्र वार्षिक सभेत मांडीन. आज तिच्यावरून वाद नको.

फादर, ही सगळी तक्रार तुमच्यावर राग धरून लिहिलेली नाही. एका माणसावर किती काम असते हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच 28 तारखेची तयारी आम्ही उचलतो आहोत. गायनासाठी आमच्या मराठी गटाची तयारी चालू आहे, वाचने कोण करणार ते ठरले आहे, फुले एका कुटुंबाने देऊ केली आहेत. वेदीवर मिस्सा अर्पण करायला मात्र आम्हाला तुम्हीच हवे आहात. येत्या शनिवारपर्यंत होकार कळला तर 24 तारखेच्या रविवारी घोषणा करता येईल आणि कामावरून थेट येणाऱ्यांना गाड्यांची वेळ जुळवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि मराठी मिस्सेची नियमित भाविक,
ठाणे पश्चिम